चौथी बाजू

आबासाहेब इंगवले जुने शिकारी होते, आणि मी त्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो. मी जयसिंगपूरच्या जैन घरातला. पीठ चाळताना आळी दिसली, तर माझी आई ती कागदावर घेऊन परसात सोडून यायची. असा मी कोल्हापुरात शाळामास्तर म्हणून आलो आणि मंगळवार पेठेत खोली शोधत जिथं टेकलो, त्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, भिंतीवर सांबरांची आणि काळविटांची डोकी ओळीनं टांगलेली होती. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून सोपा ओलांडत होतो. खुर्चीतून आवाज आला, "मास्तर, वर बघून जावा की. ती आता कुनाला काय करत न्हाईत." मी हसलो, आणि तिथंच फसलो. दहा-बारा वर्षं त्या घरात राहिलो.

आवाज असा, की आबासाहेबांनी चहा मागितला की गल्लीच्या टोकाला कळायचं. खाकी हाफपँट, पांढऱ्या मिशा, डाव्या हाताच्या चिमटीत तपकीर. रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात रस्सा उकळायला लागला की मी खिडकी लावून घ्यायचो. मग काकी, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, माझ्यासाठी मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यात आमटी घेऊन वर यायच्या आणि दारातूनच सांगायच्या की पळी पण वेगळी आहे, निवांत जेवा. खालून आबासाहेब ओरडायचे, की मास्तरला एक नळी चोखायला द्या, गणित सुधारेल. मी चिडायचो. मी चिडलो की त्यांचं जेवण चांगलं व्हायचं.

त्यांची एक सवय मला आधी विचित्र वाटायची. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी मागचं दार उघडं आहे का ते बघायचे. बंद असलं तर स्वतः जाऊन उघडायचे. हे दार म्हणजे त्यांची 'चौथी बाजू'. माझं लग्न झाल्यावर एकदा आमच्या वरच्या घरात बोका शिरला. माझ्या बायकोनं आणि काकींनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि झाडू घेऊन त्याला कोपऱ्यात गाठलं. बोका भिंतीवर चढायला बघत होता, फिस्कारत होता. आबासाहेब धाडधाड जिना चढून आले. आधी मागच्या जिन्याकडचं दार सताड उघडलं, मग झाडू हातात घेतला. बोका क्षणात बाहेर. मग बायकांची जी खरडपट्टी काढली, ती बोक्यानंही ऐकली असेल. तीन बाजूंनी वाट्टेल तेवढा दंगा करा, पण चौथी बाजू मोकळी ठेवा, नाहीतर ती मर्दुमकी कसली, असा त्यांचा सवाल होता.

आमच्या शाळेतला एक शिपाई दारू पिऊन यायचा. त्याला काढून टाकावं म्हणून मी संस्थेला चांगलं खणखणीत पत्र लिहिलं आणि हौसेनं आबासाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, की यात त्याची चौथी बाजू कुठं आहे. मी म्हटलं, ही शाळा आहे, रान नव्हे. ते म्हणाले, मग तर ठेवलीच पाहिजे. दोन दिवस धुसफुसून मी पत्राच्या शेवटी एक वाक्य वाढवलं, की त्यानं लेखी माफी मागितली तर एक संधी द्यावी. त्यानं मागितली. पुढं निवृत्त होईपर्यंत तो माणूस शुद्धीत शाळेत आला. आबासाहेब मात्र ती गोष्ट सगळ्या पेठेत सांगत फिरले, म्हणून मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

हे सगळं हाकाऱ्यातून आलेलं. त्यांच्या तरुणपणी शाहूवाडीच्या रानात शिकार असायची, तेव्हा गावची माणसं तीन बाजूंनी डबे आणि ढोल वाजवत रानात शिरायची. हे हाकारे. आवाजाला भिऊन जनावर पुढं पळायचं. चौथी बाजू मोकळी ठेवायची, हा इंगवल्यांच्या घरचा नियम. कोंडलेल्या जनावरावर गोळी नाही. पाण्यावर आलेल्यावर नाही, बसलेल्यावर नाही, मादीवर तर नाहीच. जखमी झालेलं सोडून घरी यायचं नाही. एका जखमी सांबरामागं ते अंगात ताप घेऊन रानभर फिरले होते, आणि ती गोष्ट निघाली की काकी म्हणायच्या, लग्नाआधी माझ्यामागं एवढं फिरला असता तर मला बरं वाटलं असतं. ज्याच्या गोळीनं जनावर पडेल त्याच्या घरी मांडी जायची. तो त्याचा मान. बाकीचं हाकाऱ्यांत सारखं वाटायचं.

शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा त्यांनी बंदूक खाली ठेवली ती ठेवलीच. चोरून एकदाही रानात गेले नाहीत. निवडणूक लागली की बंदूक काकींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पोलीस चौकीत जमा करायला स्वतः चालत जायचे. मी त्यांना म्हणायचो, की नियम कितीही पाळा, मरणारं मरतंच ना. त्यावर ते खुर्चीत पुढं सरकायचे. "मास्तर, पळायचं त्याच्या हातात हाय. पळालं तर त्याचं, न्हाय तर माझं. आमी कधी फसवून मारलं न्हाय." हे शेवटचं वाक्य ते छातीवर हात ठेवून म्हणायचे. शेती वाटण्यांत गेली होती, मुलगा बंगळुरात स्थायिक झाला होता. या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं एवढं एक वाक्य उरलं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एका दिवाळीनंतर उदयराव नावाचा रस्त्यांचा ठेकेदार पेढे घेऊन दारात आला. त्याचे वडील एकेकाळी आबासाहेबांच्या शिकारीत डबा वाजवायचे. पोरानं नाव काढलं होतं. शाहूवाडीत अख्खा डोंगरउतार विकत घेऊन कुंपण घातलं होतं आणि आत चितळं सोडली होती. कुठून आणली ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आबासाहेब, जनावरं बघायला या, म्हणाला. वाकून पाया पडला. त्या रात्री डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा खाकी कोट सोप्यात वाळत पडला. मोतीबिंदूमुळं त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, तेव्हा रविवारी माझ्या जुन्या मारुतीतून आम्ही निघालो. वाटेत ते प्रत्येक खिंडीचं नाव सांगत होते. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

कुंपण दोन पुरुष उंच होतं. जाड तारेची जाळी, वर काटेरी तार. आबासाहेब गाडीतून उतरले आणि काठी टेकत कुंपणाच्या कडेनं चालायला लागले. उदयराव मागून फाटकाकडं चला म्हणत होता. बरंच पुढं जाऊन ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "चौथी बाजू कुठाय?"

उदयराव मनापासून हसला. "ती ठेवली तर सगळी पळून जातील की, आबासाहेब."

आत झाडाखाली गादी घातलेली खुर्ची होती. पुण्याकडचे दोन पाहुणे होते, आणि त्यांच्या हातात बंदुका होत्या. आबासाहेबांनी उदयरावला बाजूला घेऊन कायद्याचं सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. जागा माझी, कुंपण माझं, जनावरं माझी, मी पाळली, मी खायला घातलं. मग तो थोडा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी दर रविवारी बोकडाचं मटन आनता. त्याला चौथी बाजू ठेवत्यात व्हय?"

मला वाटलं, आता आबासाहेब गप्प बसतील. ते म्हणाले, "न्हाय ठेवत. पन ते आनून मी सोताला शिकारी म्हनवून घेत न्हाय."

तेव्हाच आम्ही निघायला हवं होतं. मी गाडीची किल्ली बाहेर काढली होती. पण उदयरावनं त्यांचा हात धरला. माझा बाप तुमच्यासाठी डबे वाजवत मेला, म्हणाला, आज जुन्या रीतीनं हाकारा लावलाय, गोळी कुणी झाडणार नाही, नुसतं बघायचं, पहिल्या खुर्चीचा मान तुमचा. आबासाहेब माझ्याकडं बघेनात. ते खुर्चीत बसले. मान दिला की ते विरघळायचे, हे मला माहीत होतं, तरी त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला.

लांबून डबे वाजायला लागले. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, जुन्या शिकारीत वाजायचे तसलेच. उदयरावनं ते मुद्दाम जमवले होते. आबासाहेबांची पाठ ताठ झाली. ते पुटपुटत होते, की आता झाडी हलेल, आता नर आधी बाहेर येईल. झाडी हलली नाही. डबे जवळ आले, आणखी जवळ आले, आणि एकाएकी त्यांचा आवाज पुढं सरकायचा थांबला. एका जागी वाजत राहिला. पाहुणे कंटाळले. काय झालं ते बघायला आम्ही सगळेच तिकडं चालत गेलो.

जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढून जात नाही. डबा वाजवणाऱ्या माणसांभोवती चितळांचा कळप उभा होता. एकही जनावर भ्यालेलं नव्हतं. उदयरावच्या गड्यांनी पिल्लं असल्यापासून त्यांना डबा वाजवूनच खाणं घातलं होतं. डबा वाजला की पेंड मिळते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ज्या आवाजानं जनावरानं जीव घेऊन पळावं, त्या आवाजाकडं ती चालत आली होती. उदयरावनं शिकारीची रीत जुनी ठेवली, आणि जनावरं चारायची रीत त्याच डब्याची, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. गडी बिचारे गोंधळून वाजवतच होते, थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका मादीनं एकाच्या हातातल्या डब्यात तोंड घातलं होतं. डबा रिकामा होता. तिनं तोंड काढलं, त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा घातलं.

पाहुण्यांपैकी एक जण हसत हसत पुढं गेला. मला वाटलं, तो तिला हात लावणार. त्यानं बंदूक उचलली आणि झाडली.

मी ओरडलो, पण काय ओरडलो ते आठवत नाही. गोळी तिच्या मागच्या भागात लागली होती. ती उठली, कुंपणावर जाऊन आदळली, जाळीनं तिला मागं फेकलं. मग कुंपणाच्या कडेनं पळाली, पुन्हा आदळली. बाकीचा कळप उधळून कोपऱ्यात जाऊन दाटला. आणि ती मादी, मागचे पाय ओढत, परत त्या डबेवाल्या माणसाकडं आली. तिला दुसरं कुणी माहीतच नव्हतं. तो माणूस डबा टाकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकून घेतलं.

आबासाहेबांनी पाहुण्याच्या हातातली बंदूक काढून घेतली. मागितली नाही, काढून घेतली. जवळ गेले, वाकले, मोतीबिंदूचे डोळे बारीक केले. एकच गोळी. मग ते तिथंच मातीत बसून राहिले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मादीवर बंदूक रोखली नव्हती, कोंडलेल्या जनावरावर तर नाहीच, त्यानं ती मारली होती. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, हे मलाही दिसत होतं. उदयराव मात्र टाळ्या वाजवत पुढं आला आणि त्यानं आबासाहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. शेवटची गोळी त्यांची, म्हणजे मान त्यांचा, असं तो सगळ्यांना सांगत होता. त्याला खरोखरच आनंद झाला होता. याचा मला त्या गोळीपेक्षा जास्त धक्का बसला.

परतताना आम्ही बांबवड्यापर्यंत आलो. तिथं आबासाहेब गाडी थांबवा म्हणाले. रस्त्याच्या कडेला उसाचा ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या सावलीत ते उभे राहिले. हार अजून गळ्यातच होता.

"मास्तर, चौथी बाजू मोकळी असायची. खरं हाय ते." त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाला काठी टेकवली. "पन तितं बसलेलं कोन असायचं? मीच की बंदूक घिऊन."

इतकी वर्षं ती गोष्ट ऐकत आलो, आणि हे माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं. जनावर मोकळ्या बाजूला पळायचं, ते थेट त्यांच्या बंदुकीच्या नळीपुढं. "रानातली बी डब्यालाच फसलीती," ते म्हणाले, "आनि ही बी डब्यालाच. मी म्हनायचो, फसवून मारलं न्हाय." त्यांनी हार काढला आणि कुठं ठेवावा ते न कळल्यासारखा हातात धरून गाडीत येऊन बसले.

घरी पोचल्यावर शाल काढायला मी डिकी उघडली. आत बारदानात गुंडाळलेली मांडी होती. आम्हाला न विचारता मान पोचता झाला होता, तोही माझ्या गाडीतून. मी तिथंच रस्त्यावर ओकलो. काकी धावत आल्या, त्यांनी बारदान उचललं आणि काय आहे ते कळल्यावर नवऱ्याच्या पायाशी ठेवलं. आबासाहेबांनी परसात पेरूखाली स्वतः खड्डा खणला, मांडी पुरली आणि सुतकात करतात तशी डोक्यावरून थंड पाण्यानं अंघोळ केली. त्या आठवड्यात सोप्यातली सगळी डोकी उतरली. भिंतीवर त्यांचे फिकट डाग तेवढे राहिले, आणि त्या डागांकडं बघून जाणं मला डोक्यांपेक्षा अवघड व्हायला लागलं.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी आबासाहेब वनखात्याच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, की मी चितळाची मादी मारली, लिहून घ्या. तिथल्या साहेबानं चहा मागवला. वय झालंय, घरी जा म्हणाला. हे बाकावरून उठेनात. शेवटी त्यांना जबाब घ्यावा लागला. पथक शाहूवाडीला पोचेपर्यंत डोंगरउतार रिकामा झाला होता. कळप कुठं गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. पाहुण्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती, आणि ज्यांना होती त्यांनी घेतली नाहीत. उदयरावनं सांगितलं, की एक चुकार चितळ आत शिरलं होतं, आबासाहेब वडीलधारे म्हणून बोलावले, मी नको नको म्हणत असताना त्यांनी गोळी घातली. खटला एकट्या आबासाहेबांवर उभा राहिला. मी साक्ष दिली, जे पाहिलं ते सगळं सांगितलं. सरकारी वकिलानं मला एवढंच विचारलं, की ज्या गोळीनं जनावर मेलं ती कुणी झाडली. उत्तर एकच होतं, आणि ते मला द्यावं लागलं.

नवं शतक लागलं, तारखा पडत राहिल्या. मिशा विरळ झाल्या, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईनासा झाला. त्यांच्या वकीलबाई तरुण होत्या, जीव तोडून काम करत होत्या. त्यांनी एकदा घरी येऊन समजावलं, की आधीचा जबाब बाजूला ठेवता येईल. तुमच्या डोळ्यांना तेव्हा दिसत नव्हतं, डॉक्टरांचा दाखला आहे. गोळी कुणाची लागली ते सांगता येत नाही एवढंच म्हणा, सुटाल. काकींनी हात जोडले. मी न राहवून म्हणालो, की आबासाहेब, जन्मभर सगळ्यांना चौथी बाजू ठेवलीत, आज तुम्हाला कुणीतरी ठेवतंय, तर घ्या. ते माझ्याकडं बघून हसले. त्या दिवसानंतरचं ते पहिलं हसू होतं.

"आता तितनं जाऊ नये वाटतंय, मास्तर," ते म्हणाले.

मी त्यांना शेवटचं व्यवस्थित पाहिलं ते कोर्टात. त्यानंतर दवाखान्यातले दिवस आले, निकाल लागायच्या आत ते गेले. पण दवाखान्यातला तो माणूस मला आठवत नाही. आठवतो तो कठड्यात उभा राहिलेला, खाकी कोट घातलेला. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. आबासाहेबांचा जुना आवाज कुठून परत आला कोण जाणे, मागच्या बाकावरची माणसं दचकली. "व्हय. मीच मारली."

आणखी काही सांगायचंय का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"ती डब्याकडं आलती, साहेब. खायाला मिळंल म्हनून आलती. एवढं लिवून घ्या."

न्यायाधीशांनी कागदांवरून वर पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, की हे कबुलीत येत नाही, आपण बसा. टंकलेखकानं हात मांडीवर ठेवले. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला, दुसरी माणसं आत आली. आबासाहेब कठडा धरून, टंकलेखकाच्या हातांकडं बघत, ते वाक्य लिहिलं जायची वाट पाहत उभेच होते.